काळ्या पडद्यावरचे टपाल

गेल्या वर्षीच्या वार्षिकांकात एक कथा छापली गेली नाही. न छापलेल्या कथा दर वर्षी पुष्कळ असतात आणि संपादक मंडळाला त्यांचे दुःख करीत बसायला सवड नसते. पण ही कथा कोणी नाकारली नव्हती. ती कोणी वाचलीच नव्हती. प्रथम वर्ष कलेतील एका विद्यार्थिनीने ती मुदतीच्या दोन दिवस आधी ई-मेलने पाठवली होती, मंडळाच्या पेटीत ती सुखरूप पोचली होती, आणि ती पेटी सांभाळणारा विद्यार्थी-प्रतिनिधी मी होतो. अंक वाटला त्या दिवशी ती ग्रंथालयाच्या जिन्यात भेटली. "दादा, माझी कथा अगदीच वाईट होती का?" एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, "कोणती कथा?" त्यावर ती काही बोलली नाही.

त्या संध्याकाळी मी पेटी उघडून बसलो. साहित्य मागवणारी एक सूचना आम्ही सर्व विद्यार्थ्यांना पाठवली होती. बहुतेकांनी नवे पत्र न लिहिता त्या सूचनेलाच उत्तर म्हणून आपले साहित्य जोडून पाठवले. आमची पेटी ज्या सेवेची आहे तिच्या पडद्यावर ही सारी उत्तरे एका ओळीखाली घडी घालून ठेवली जात. ओळीच्या शेवटी ४१ असा आकडा दिसे. त्या घडीत वरची चार-पाच आणि खालची दोन-तीन पत्रे उलगडलेली, मधली मिटलेली. तिची कथा मधल्या मिटलेल्यांत होती. पत्र एकोणतिसावे.

चूक यंत्राची की माझी, हा वाद मी स्वतःशी बरेच दिवस घातला. चूक माझीच होती. ४१ हा आकडा मला दिसत होता. पण ज्या खिडकीतून आपण टपाल पाहतो ती खिडकी आपल्याला काय दाखवते आणि काय झाकते, याचा विचार मी तोवर कधीच केला नव्हता. तो करता करता मी ज्या गोष्टीपर्यंत पोचलो तिची हकीकत या लेखात सांगणार आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहू नये असा काही नियम नाही, आणि असला तरी आमच्या सरांनी तो या लेखापुरता शिथिल केला आहे.

माझ्याजवळ आतेभावाने टाकून दिलेला एक लॅपटॉप आहे. स्मृती दोन जीबी. त्यावर टपालाचे नेहमीचे पान उघडायला घेतले की चहा करून यावा, एवढा वेळ जातो. मी आतेभावाला हे गाऱ्हाणे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "अरे, पत्र म्हणजे नुसती अक्षरं. त्यांना एवढं जड पान कशाला लागतं? मट वापर." मट हे मी एखाद्या कुस्तीगीराचे नाव समजलो. इंग्रजीत मट म्हणजे संकरित, गावठी कुत्रे. मायकेल एल्किन्स याने १९९५ मध्ये हा कार्यक्रम लिहायला घेतला. आधीच्या एल्म, पाइन अशा निरनिराळ्या टपाल-कार्यक्रमांतले चांगले ते ते त्यात घेतले गेले, म्हणून हे नाव. तो फुकट मिळतो आणि आजही त्याची देखभाल चालू आहे; २०२० मध्ये त्याची दुसरी मोठी आवृत्ती निघाली. सगळे टपाल-कार्यक्रम वाईटच असतात, हा त्यातल्या त्यात कमी वाईट आहे, अशा अर्थाचे त्याचे ब्रीद आहे. एवढा प्रामाणिक जाहिरातदार मी दुसरा पाहिला नाही.

मट चालतो तो आज्ञापटलावर, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर, जिथे माउसचे फारसे काम नसते आणि सर्व व्यवहार कळफलकाने होतो. आमच्या वर्गमित्रांनी तो पडदा फक्त चित्रपटातल्या हॅकरसमोर पाहिलेला असतो. प्रत्यक्षात ई-मेलचा जन्मच असल्या पडद्यावर झाला. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाळ्यामार्फत पत्र पाठवले, आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव वेगळे करायला ॲट हे चिन्ह निवडले. त्या वेळी चित्र नव्हते, रंग नव्हते, बटण नव्हते. आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांना जे स्वस्तातले खाते मिळे त्याला शेल खाते म्हणत. त्यावर नुसती अक्षरे दिसत आणि टपाल पाइनमधून पाहायचे. आमच्या इतिहासाच्या सरांनी ते वापरले आहे. माझ्या पडद्याकडे पाहून ते म्हणाले, "अरे, हे तर माझ्या तरुणपणाचं टपाल!" आणि विचारल्याशिवायच त्यांनी क्यू दाबून तो बंदही करून दाखवला.

आता मांडणीकडे वळतो. आज्ञा रोमन लिपीत टंकायच्या असतात. मी त्या इथे देवनागरीत लिहीत आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. त्यावर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल मट' एवढी एक ओळ लिहिली की कार्यक्रम येऊन बसतो. त्याला फार जागाही लागत नाही. पण बसवला म्हणजे झाले नाही. मटला आपण कोण, आपली पेटी कुठे, काहीच ठाऊक नसते; पत्त्याशिवाय गावात आलेल्या नव्या पोस्टमनसारखी त्याची अवस्था असते. सर्व माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून द्यावी लागते. तिचे नाव टिंब-मटआरसी, आणि ती आपल्या घर-फोल्डरात ठेवायची. नावाआधी टिंब असल्यामुळे ती एरवी यादीत दिसत नाही. माझी पहिली संध्याकाळ 'फाइल गेली कुठे' यातच संपली.

या फाइलीत लिहायचे काय, हे समजायला टपालाच्या दोन वाटा समजाव्या लागतात. पत्र येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेगळी. येणाऱ्या टपालाच्या नियमावलीला आयमॅप म्हणतात आणि जाणाऱ्याच्या नियमावलीला एसएमटीपी. गावच्या पोस्टातही पत्र घ्यायची खिडकी एक असते आणि टाकायची लाल पेटी दुसरी असते, तसेच हे. आयमॅपच्या खिडकीचा क्रमांक ९९३. पाठवण्याच्या खिडकीचा ४६५ किंवा ५८७. आपली सेवा यांपैकी काय वापरते ते तिच्या मदतपानावर दिलेले असते. या दोन पत्त्यांच्या ओळी, स्वतःचे नाव, स्वतःचा ई-मेल पत्ता, आणि पत्र कोणत्या संपादकात लिहायचे त्याची एक ओळ, एवढ्यावर काम चालू होते. (इथे संपादक म्हणजे मजकूर लिहिण्याचा कार्यक्रम. आमच्या मंडळातील सदस्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) मटमध्ये स्वतःचे लिहिण्याचे साधन नसते, ते काम तो दुसऱ्याला सांगतो. नवख्याने नॅनो घ्यावा. व्हिम घेतलात तर त्यातून बाहेर कसे पडायचे हे आधी विचारून ठेवा.

परवलीच्या शब्दापाशी मी दोन दिवस अडलो. शब्द बरोबर, पण दार उघडेना. अनेक मोठ्या सेवा आता बाहेरच्या कार्यक्रमाला आपला नेहमीचा परवलीचा शब्द चालवू देत नाहीत, असे निघाले. आधी दुहेरी पडताळणी सुरू करायची, मग त्या विशिष्ट कार्यक्रमापुरता वेगळा शब्द मागून घ्यायचा. तो चोरीला गेला तर तेवढाच रद्द करता येतो, म्हणजे घराची किल्ली न देता नुसती परसदाराची किल्ली देण्यासारखे. पेटी मंडळाची असल्याने हा शब्द सरांच्या संमतीने आणि त्यांच्या समोर घेतला. सरांनी रास्त शंका काढली, "तुझ्या या काळ्या खिडकीतून पत्रं उडून तर जाणार नाहीत ना रे?" तसे होत नाही. आयमॅपमध्ये पत्रे मूळ ठिकाणीच राहतात, आपण ती तिथे जाऊन वाचतो. डी दाबले तर पत्रापुढे नुसती डीची खूण लागते, यू दाबून ती काढता येते, आणि बाहेर पडताना मट विचारतो की खूण केलेली खरेच काढून टाकू का. एवढे विचारणारा कारकून सरकारी कचेरीतही मिळायचा नाही.

हा शब्द फाइलीत उघडा लिहून ठेवणे हा मात्र शुद्ध वेडेपणा. मी आरंभी तेच केले होते. आता तो जीपीजी या साधनाने कुलूपबंद केलेल्या वेगळ्या फाइलीत असतो आणि टिंब-मटआरसी मधली एक ओळ मटला सांगते की ती फाइल उघडून वाच. उघडताना माझ्याकडे मूळ किल्ली मागितली जाते. महाविद्यालयाचा संगणक चार जण वापरतात, तिथे एवढी काळजी हवीच.

सगळे जुळले आणि 'मट' असे टंकून एंटर दाबले, तेव्हा मंडळाची पेटी पडद्यावर आली. एका पत्राला एक ओळ. क्रमांक, खूण, तारीख, पाठवणाऱ्याचे नाव, आकार, विषय. बस. न घडी, न जाहिरात. खुणांची भाषा मला फार आवडली. एन म्हणजे नवे. ओ म्हणजे येऊन पडलेले, तुम्ही यादीत पाहिलेले, पण न उघडलेले. छोटा आर म्हणजे उत्तर दिलेले. यादीवरून डोळा फिरवला की आपण कोणाचे देणे लागतो ते कळते. मी गेल्या वर्षीच्या तारखांपर्यंत वर सरकलो. तिच्या नावापुढे ओ होता.

आता त्या घडीची गोष्ट, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले शिकण्यासारखे तिथे आहे. मटमध्ये एच दाबले की पत्राचे एरवी झाकलेले मस्तक दिसते. आपण फक्त 'प्रति', 'विषय', 'दिनांक' पाहतो. पण खाली अनेक ओळी असतात. प्रत्येक पत्राला निघतानाच एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. आपण एखाद्या पत्राला उत्तर दिले की मूळ पत्राचा क्रमांक उत्तराच्या मस्तकात 'याच्या उत्तरादाखल' अशा ओळीत लिहिला जातो, आणि त्याच्याही आधीच्यांचे क्रमांक 'संदर्भ' या ओळीत. कुळकर्ण्याच्या दप्तरातील वंशावळच ती. टपाल-कार्यक्रम या वंशावळीवरून पत्रे एका सूत्रात ओवतात. काही कार्यक्रम याशिवाय नुसता विषय सारखा दिसला तरी दोन पत्रांना भाऊ मानतात. मटही मूळ मांडणीत तसे करतो. 'स्ट्रिक्ट थ्रेड्स' ही ओळ फाइलीत घातली की फक्त कागदोपत्री नातेच मानतो.

पण आमच्याकडे नातेही कागदोपत्री खरे होते! मुलांनी खरोखरच सूचनेला उत्तर दिले होते. यंत्राच्या दृष्टीने ४१ कविता, कथा आणि लेख ही एकाच संभाषणातली ४१ वाक्ये होती. यंत्राने काही चुकीचे केले नव्हते. उत्तर आणि साहित्य यांतला फरक त्याला कोणी सांगितला नव्हता. तो सांगायला मी होतो. मटमध्ये याला दोन उपाय आहेत. ओ दाबून यादी सूत्राऐवजी तारखेने लावायची, की प्रत्येक पत्र आपापल्या ओळीवर उभे राहते. किंवा सूत्र ठेवून एखाद्या पत्रावर हॅशचे चिन्ह दाबायचे, की ते पत्र कुळापासून विभक्त होऊन स्वतंत्र संसार थाटते. मी यंदा पहिला उपाय कायमचा लागू केला आहे.

दुसरी सोय आहे ती गाळणीची. एल दाबून नमुना लिहायचा: लहरीसारखी जी टिल्ड नावाची खूण असते ती आणि पुढे मोठा यू, म्हणजे फक्त न वाचलेली पत्रे, टिल्ड आणि एफ, पुढे नाव, म्हणजे त्या व्यक्तीची, टिल्ड आणि एस, पुढे शब्द, म्हणजे विषयात तो शब्द असलेली. मोठा टी दाबून असाच नमुना दिला तर ती सारी पत्रे एकदम टिपली जातात आणि अर्धविराम दाबून पुढे एस म्हटले की सगळी मिळून एका फोल्डरात जातात. यंदा 'कविता' शब्द असलेली ६३ पत्रे मी अशी दहा सेकंदांत बाजूला काढली. कवितांचे प्रमाण पाहून सरांनी जो सुस्कारा सोडला त्याला मात्र मटमध्ये कळ नाही.

मराठीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. काळा पडदा हा मुळात चौकटींचा कागद आहे. प्रत्येक चौकटीत एक अक्षर, ही त्याची समजूत. आपली जोडाक्षरे, वेलांट्या, रफार या चौकटींत बसायला तयार नसतात. 'विद्यार्थी' हा शब्द पहिल्यांदा पाहिला तेव्हा रफार एका घरात आणि थ दुसऱ्या घरात नांदत होता. एमएलटर्म नावाचा पडदा भारतीय लिप्या बऱ्या दाखवतो. लिहिण्यासाठी मी वेगळ्या खिडकीत उघडणारा साधा मजकूर-संपादक नेमून दिला आहे, त्यात मराठी नीट उमटते. आणखी एक गंमत म्हणजे कळफलक मराठीवर राहिला तर मटला एकही आज्ञा कळत नाही. आपण डी समजून दाबतो, त्याला तिसरेच अक्षर पोचते, आणि ही कळ कशाशीच जोडलेली नाही असे तो नम्रपणे कळवतो.

पण पडद्याने कितीही मोडतोड केली तरी पत्रातले मराठी शाबूत असते. ते कसे प्रवास करते हे पाहून मी थक्क झालो. ई-मेल मूळचे इंग्रजी अक्षरांपुरतेच घडवलेले होते. १९९२ मध्ये माइम नावाचे नियम आले आणि इतर लिप्या, चित्रे, ध्वनी यांना वाट मिळाली. विषयाच्या ओळीतली देवनागरी प्रवासापुरती रोमन वेष घेते. यूटीएफ-८ या पद्धतीत आपल्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, आणि बेस-६४ ही पद्धत तीन बाइटांची चार रोमन चिन्हे करते. म्हणजे एका चिन्हाला चौघांचा मेणा! 'म' हे अक्षर '४, के, एस, यू' असे होऊन जाते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह शब्दाच्या आरंभी '४, के' नेच सुरू होते आणि तिसरे एस किंवा डब्ल्यू असते. मध्ये मोकळी जागा आली की हा मेळ सरकतो. पत्राची कच्ची प्रत पाहताना एखाद्या ओळीत हे '४के' पुन्हा पुन्हा दिसले, की आत मराठी आहे हे आता मला उलगडण्याआधीच कळते.

मटचे दोषही सांगायला हवेत. जोडलेला फोटो तो स्वतः दाखवत नाही, व्ही दाबून तो वेगळा काढावा लागतो. रंगीबेरंगी पत्रे लिंक्ससारख्या साधनाकडून अक्षरांत उतरवून घ्यावी लागतात. त्यात एक फायदा असा, की काही पत्रांत लपवलेले जे अदृश्य चित्र आपण पत्र उघडल्याची चहाडी करते, ते इथे उघडतच नाही. आणि कळी अगदी जवळजवळ असतात. आर म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला उत्तर, जी म्हणजे सर्वांना. एका प्राध्यापकांच्या लेखातल्या शुद्धलेखनाबद्दल मला सरांना दोन खासगी ओळी लिहायच्या होत्या. त्या मी जी दाबून लिहिल्या. त्या प्राध्यापकांनी लेख दुरुस्त करून पाठवला आणि वर मला चहा पाजला, यात मटचे कर्तृत्व काही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पाटणच्या वरच्या अंगाला आमच्या गावी असतो. तिथे रेंज फक्त देवळाच्या मागच्या टेकाडावर येते. एमबीसिंक नावाचे जोडसाधन तिथे दोन मिनिटांत सारी पेटी लॅपटॉपवर उतरवून घेते, प्रत्येक पत्र वेगळी फाइल म्हणून. मग घरी पडवीत बसून वाचन करायचे, उत्तरे लिहून तहकूब ठेवायची, आणि संध्याकाळी टेकाडावर जाऊन मोठा आर दाबून एकेक काढून पाठवायची. आजीला वाटते मी टेकाडावर पत्रे टाकायला जातो. तिचे काही चुकत नाही.

यंदा साहित्य मागवले तेव्हा सूचनेत नवे पत्र लिहावे असे ठळक लिहिले होते. तरीही २२ जणांनी उत्तरच दिले. पण एकही पत्र ओवर राहिले नाही, हे मी पानांची अंतिम जुळणी होण्याच्या आदल्या रात्री पुन्हा तपासले. प्रत्येकाला पोच दिली. त्या विद्यार्थिनीचे नाव यादीत नव्हते. मी तिला पत्र लिहिले, गेल्या वर्षी काय घडले ते न लपवता सांगितले आणि ती कथा यंदा छापण्याची परवानगी मागितली. चार दिवसांनी उत्तर आले. ती कथा आता तिला स्वतःलाच कच्ची वाटते, ती छापू नये, दुसरी लिहीत आहे, मुदत किती आहे, असे विचारले होते. मुदत संपून गेली होती. सरांना विचारून मी तिला आठ दिवस दिले.

सातव्या दिवशी कथा आली. तिने उत्तर न देता नवे पत्र लिहिले होते. ती याच अंकात आहे. माझी टिंब-मटआरसी फाइल, परवलीचा शब्द वगळून, ग्रंथालयातील खिडकीजवळच्या संगणकावर ठेवली आहे. पुढील वर्षीच्या प्रतिनिधीने ती घ्यावी. पण नावाआधी टिंब आहे हे विसरू नये.